घाटावर चौदा जोड, माणसं तेरा

प्रिय ताई,

मी सांगलीचा. वय ४८, नोकरी बँकेत. पोहायला वडिलांनी शिकवलं, पाठीला डबा बांधून, कृष्णेच्या घाटावर. तेव्हा मी सात वर्षांचा होतो. पावसाळा सोडला तर तेव्हापासून नदी सुटली नाही. बरीच वर्षं एकटाच जायचो. तीन वर्षांपूर्वी बँकेतले दोघं सोबत यायला लागले, मग त्यांचे मित्र, मग टँकवर शिकलेल्या दोन-तीन जणी. आता रविवारी आम्ही चौदा जण असतो. मला कुणी नेमलेलं नाही, पण कुठून उतरायचं, किती लांब जायचं, हे सगळे मलाच विचारतात. पाच जणांना डिसेंबरात मालवणच्या स्पर्धेला जायचंय.

तीन आठवड्यांपूर्वी आम्ही वरच्या अंगाला पोहत जाऊन घाटाकडे परत येत होतो. मी नेहमीसारखा पुढे. बाहेर आलो, अंग पुसलं, थर्मासमधला चहा ओतला. कप वाटले तर एक उरला. पायरीवरच्या चपला मोजल्या. चौदा जोड होते आणि आम्ही तेरा. आमच्यातल्या एक शिक्षिका पात्राच्या मध्यावर अडकल्या होत्या. हातपाय चालेनात, हाकही मारता येईना. जाळं काढायला आलेल्या एका होडीवाल्यानं त्यांना होडीची कड धरायला लावून काठाला आणलं. त्या कुणाशी काही बोलल्या नाहीत, चहाही घेतला नाही. त्यानंतर त्या आलेल्या नाहीत. ग्रुपवर कुणी विषय काढत नाही. एकानं फक्त लिहिलं, 'टँकमधल्या माणसांनी नदीत यावंच कशाला', आणि तिघांनी त्याला अंगठा दिला.

बायको म्हणते, दुसऱ्यांच्या जिवाची जोखीम कशाला, पूर्वीसारखे एकटे जा. मलाही वाटतं, एकट्याचं पोहणंच सुखाचं होतं. ग्रुप बंद करू का?

— एक नदीकरी, सांगली

दादा,

तुम्ही विचारलंय ग्रुपचं, पण तुमच्या पत्रात मला सारखा दिसतोय तो उरलेला कप. म्हणून आधी त्या शिक्षिकांबद्दल लिहिते, नदीबद्दल नंतर.

तुम्ही त्यांना अजून फोन केलेला नाही. केला असता तर पत्रात आला असता. संकोच वाटतोय हे समजतं. काय बोलायचं ते सुचत नसेल, आणि जितके दिवस जातात तितकं ते जड होत जातं. मला हे स्वतःवरून माहीत आहे.

माझं माहेर कराडचं. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, आणि दोन धारा भिडतात तिथं पाणी वळसा घेतं. मी सोळा वर्षांची होते तेव्हा माझा मामेभाऊ सुट्टीला आला होता. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, गावच्या विहिरीत पोहायला शिकलेला. मी त्याला म्हटलं, चल पलीकडे. मी गेले, पैलतीराच्या वाळूत उभी राहिले आणि मग मागे बघितलं. तो धारेनं ओढला जाऊन बराच खाली एका दगडाला धरून उभा होता. काठाकाठानं चालत आला. हसला, मीही हसले, आणि घरी कुणाला काही सांगितलं नाही. बारा वर्षांनी त्याच्या लग्नात, हळदीच्या आदल्या रात्री, तो म्हणाला, "त्या दिवशी मी नुसता तुझ्या डोक्याकडे बघत होतो. तू एकदा वळशील असं वाटत होतं." त्या बारा वर्षांत तो नदीत उतरलाच नव्हता, हे मला तेव्हा कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं.

तर फोन आजच करा. 'मी पुढे होतो, मागे बघितलं नाही, चूक माझी,' एवढंच बोला आणि मग ऐका. 'तुम्ही सांगायचं होतंत' हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका, कारण त्या सांगू शकत नव्हत्या.

हे नीट समजून घ्या आणि तुमच्या तेराही जणांना समजावून सांगा. बुडायला लागलेला माणूस ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला आलेलं असतं, जो श्वास मिळतो तो घेण्यातच सगळी शक्ती जाते, आवाज काढायला श्वास उरत नाही. हात आपोआप दोन्हीकडे पसरून पाणी खाली दाबायला लागतात, त्यामुळे हात उंच करून खूणही करता येत नाही. शरीर उभं होतं, पाय थांबतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, विसावा घेताहेत. अशा अवस्थेत माणूस पुष्कळदा मिनिटभरसुद्धा टिकत नाही. तुमच्या बाई या टोकाला पोचायच्या आधी त्या होडीवाल्यानं ओळखलं. जाळं टाकणाऱ्या माणसाची नजर सतत पाण्यावर असते, आणि तुमच्यातल्या प्रत्येकाची नजर त्या वेळी काठावर होती.

आता तो 'टँकमधल्या माणसांनी' वाला मेसेज. तो लिहिणाऱ्याला आणि अंगठे देणाऱ्यांना तुम्ही सरळ सांगायला हवं की हे चुकीचं आहे. टँकमध्ये शिकलेल्या माणसाचा हात बहुतेकदा आपल्यापेक्षा सफाईदार असतो. त्याच्याकडे नसतात त्या दुसऱ्या गोष्टी. टँकमध्ये दर २५ मीटरवर भिंत येते, तळाच्या निळ्या फरशीवर रेघ दिसते, दमलं की दोरी धरता येते. नदीत डोकं खाली घातलं की स्वतःचा पंजासुद्धा दिसत नाही. हिवाळ्याच्या सकाळी गार पाणी छातीला लागलं की श्वास आपोआप अडखळतो आणि भराभर घ्यावासा वाटतो. हा झटका दोन-तीन मिनिटांत ओसरतो, पण नेमक्या त्या मिनिटांत नवखा माणूस काठापासून लांब गेला तर त्याला वाटतं, आपला दम संपला. मग तो श्वास धरून ठेवतो, पाण्यात सोडत नाही. न सोडलेल्या श्वासावर नवा श्वास बसत नाही आणि घाबरणं तिथून सुरू होतं. तुम्हाला सातव्या वर्षी डबा बांधून वडिलांनी पाण्यात सोडलं, तेव्हा हे सगळं तुमच्या अंगात मुरलं. तुम्ही शिकलात हेही तुम्हाला आठवत नसेल. त्यामुळे दुसऱ्याला ते शिकवावं लागतं, हे तुमच्या लक्षात आलं नाही.

शिकवायला फार लागत नाही. उतरल्यावर पहिली पाच मिनिटं कमरेइतक्या पाण्यात काढायची. मान, तोंड, छाती भिजवायची, तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडायचे. मग प्रत्येकानं उताणं होऊन दोन मिनिटं निवांत तरंगून दाखवायचं. ज्याला हे जमत नाही त्यानं मध्यावर जायचं नाही, मग तो टँकमध्ये दोन किलोमीटर का मारत असेना. पात्राच्या मध्यावर भीती वाटली तर उताणं होणं, इतकं एकच औषध असतं. ते काठाजवळ शंभर वेळा घेतलेलं असलं तरच मध्यावर आठवतं.

तुमच्या एकट्यानं जाण्याबद्दल मात्र मी तुमच्या आणि वहिनींच्याही विरुद्ध आहे. एकट्याच्या पोहण्याचं सुख मला ठाऊक आहे. पहाटेचं धुकं पाण्यावरून सरकत असतं, खंड्या एखाद्या काठीवर बसलेला असतो, आणि आपल्या कानात आपल्याच श्वासाचा आवाज. पण तुमचं वय ४८ आहे. पोटरीत गोळा येतो, छातीत कळ येऊ शकते, वरून वाहत आलेला ओंडका लागू शकतो. त्या दिवशी तुम्ही पायरीवरच्या चपला मोजल्यात. एकटे गेलात तर तुमच्या चपला कोण मोजणार?

इंग्लिश खाडी पोहणाऱ्यांचंच बघा. मिहिर सेन यांनी ती १९५८ मध्ये पार केली. पुढच्या वर्षी आरती साहांनी ती पार केली, असं करणाऱ्या त्या आशियातल्या पहिल्या स्त्री. आपण हे सगळं एकट्याचं पोहणं म्हणून सांगतो. पण तिथं पोहणाऱ्याच्या शेजारी पूर्ण वेळ होडी असते आणि होडीतल्या माणसांचा डोळा त्याच्यावर असतो. होडीला हात लावायचा नाही, हा नियम. होडीशिवाय जायचं नाही, हासुद्धा नियमच. तुम्हाला जे एकटेपण हवंय ते एका जाणत्या जोडीदाराबरोबर, न बोलता, पूर्ण मिळतं. बुधवारी-गुरुवारी त्या बँकेतल्या दोघांपैकी एकाला घेऊन जा आणि अर्धा तास एक शब्द बोलू नका.

रविवारचा ग्रुप बंद करू नका. पण आत्ता जो आहे तो ग्रुप नाही, एका वेळी पाण्यात असलेली चौदा माणसं आहेत. गर्दी म्हणजे सोबत नव्हे, हे जगातल्या मोठ्या पोहणाऱ्यांनाही जीव गमावून कळलं. २०१० च्या ऑक्टोबरात संयुक्त अरब अमिरातीत फुजैरा इथं विश्वचषकाची १० किलोमीटरची शर्यत होती. फ्रान क्रिपेन हा २६ वर्षांचा अमेरिकी जलतरणपटू त्या शर्यतीत शेवटच्या रेषेपर्यंत आलाच नाही. शर्यतीला अधिकारी होते, आजूबाजूला जगातले उत्तम पोहणारे होते. तो आला नाही हे लक्षात आलं ते शर्यत संपवून बाहेर आलेल्या त्याच्या सोबत्याच्या. शोधून काढेपर्यंत तो गेला होता. पाणी त्या दिवशी फार गरम होतं, आणि पुढे आंतरराष्ट्रीय नियमांत ३१ अंश सेल्सियसच्या वर पाणी असेल तर शर्यत घ्यायची नाही अशी मर्यादा आली. मला त्यातली बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. तो मागे पडला त्या क्षणी 'याच्याकडे मी बघायचं' असं त्या पाण्यात कुणाचंच काम नव्हतं. तुमच्या घाटावरही तसंच होतं.

आपल्याकडे पूर्वी नदी ओलांडायला सांगड असायची. वाळलेले भोपळे, नाहीतर ओंडके एकमेकांना बांधून केलेली. सांगड घालणं हा शब्दही आपण त्यातूनच वापरतो. तुमच्या रविवारला तीच हवी आहे.

चौदा जण, म्हणजे सात जोड्या. काठावर उभं राहून मोठ्यानं नावं घेऊन जोड्या लावायच्या. नवरा-बायको किंवा जिवलग मित्र म्हणून नाही, ज्यांचा वेग जुळतो त्यांच्या. कुणी आलं नाही किंवा पाळीनं काठावर राहिलं आणि संख्या विषम झाली तर एक तिघांची. जोडीतला एक उजवीकडे श्वास घेत असेल तर दुसरा त्याच्या उजव्या बाजूला पोहेल आणि डावीकडे श्वास घेईल, म्हणजे दर श्वासाला एकमेकांचा चेहरा दिसतो. दर पन्नास हातांनी दोघांनी थांबून डोकं वर काढायचं आणि 'बरं आहे ना' विचारायचं. उत्तर शब्दात आलं पाहिजे, नुसती मान चालणार नाही, कारण दमलेला माणूसही मान हलवतो. आणि एक जण बाहेर निघाला की दुसऱ्यानंही निघायचं. ही शेवटची अट तुमच्या दमदार पोहणाऱ्यांना सगळ्यात जड जाईल. तुमच्याकडचे दोघं-तिघं 'आमचा रविवार वाया गेला' म्हणतील. त्यांना म्हणावं, सोमवार ते शनिवार तुमचा आहे.

तुमची जागा बदला. तुम्ही पुढे असता, कारण तुम्हाला पाणी माहीत आहे. यापुढे सगळ्यात सावकाश जोडी पुढे राहील आणि तुम्ही शेवटी, सगळ्यांची डोकी तुमच्या नजरेत. ज्यांना वेग आवरत नाही त्यांनी शंभर हात पुढे जायचं आणि वळून शेवटच्या माणसापर्यंत परत यायचं. त्यांचं अंतर दुप्पट होतं, व्यायाम होतो आणि शेपटीला सतत कुणीतरी येत-जात राहतं. टोप्या सगळ्यांनी भगव्या, पिवळ्या नाहीतर गुलाबी घ्याव्यात. कृष्णेच्या हिरवट पाण्यात काळी आणि निळी टोपी वीस हातांवर दिसेनाशी होते. कमरेला दोरीनं बांधायचा फुगवलेला भडक रंगाचा फ्लोट मिळतो, तो नवख्यांना सक्तीचा करा. तो लाईफ जॅकेटची जागा घेणार नाही, पण लांबून दिसतो आणि दम लागला तर त्यावर हात टाकून थांबता येतं.

मोजणी तीनदा करायची: उतरताना, वळताना, बाहेर आल्यावर. चहा मोजणीनंतर.

नदीचं तुम्हाला मी काय सांगू, पण ज्यांना सांगायचं त्यांच्यासाठी एक हिशेब देते. टँकमध्ये अर्ध्या तासात एक किलोमीटर जाणाऱ्याचा वेग ताशी २ किलोमीटर. नदीची ओढ समजा ताशी १ किलोमीटर, काठावरून बघणाऱ्याला पाणी जवळजवळ थांबलेलंच वाटेल इतकी. तोच माणूस ओढीबरोबर एक किलोमीटर वीस मिनिटांत जाईल आणि ओढीविरुद्ध परत यायला त्याला पूर्ण एक तास लागेल. म्हणून आधी वर जायचं, मग खाली यायचं. तुम्ही ते करताच, पण का करता ते बाकीच्यांना सांगितलंय का? उद्या तुम्ही नसताना कुणीतरी आधी खाली जाईल आणि येताना मध्येच अडकेल.

ओढ रोज सारखी नसते. कोयना धरणाच्या पायथा वीजगृहाची दोन्ही युनिटं चालू झाली की २१०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला २१०० घनफूट, पाणी खाली येतं. सिंचनासाठी कधी सोडतात, कधी बंद करतात. मधे टेंभू, ताकारी योजनांचे पंप पाणी उचलतात. मागच्या रविवारी ज्या पायरीवरून सूर मारला तिच्यापुढे या रविवारी दोन फूट कमी पाणी असू शकतं. सूर मारताना खडकावर डोकं आपटून मानेचा मणका मोडला की माणूस जन्मभर उठत नाही, म्हणून आधी पायानं तळ चाचपायचा आणि चालत उतरायचं. शनिवारी संध्याकाळी विसर्गाची बातमी बघणं हे एका माणसाला नेमून द्या, तुम्ही सोडून. सगळं तुमच्याच डोक्यात राहिलं तर तुम्ही आजारी पडाल त्या रविवारी ग्रुप आंधळा होईल.

बंधाऱ्याच्या भिंतीखाली तर कुणालाच जाऊ देऊ नका. भिंतीवरून पडणारं पाणी तळाशी जाऊन परत भिंतीकडे फिरतं, आणि त्या फेऱ्यात सापडलेला पट्टीचा पोहणाराही पुन्हा पुन्हा आत ओढला जातो. वरून ते खूप शांत दिसतं.

पावसाळ्यात तुम्ही जात नाही हे वाचून बरं वाटलं. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेलेलं सांगलीनं पाहिलंय. दरवर्षी पुरात पुलावरून उड्या मारणाऱ्या पोरांचं कौतुक करणारे आपल्यात आहेत. तुमच्या ग्रुपवर ते व्हिडिओ फिरू देऊ नका. तुमच्यातल्याच कुणाचा तरी मुलगा ते बघत असतो.

आणि मगर. या विषयावर घाटावर एकतर चेष्टा होते किंवा गप्प बसतात. औदुंबर-भिलवडीपासून सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात मगरी आहेत, हल्ले झालेत, माणसं गेलीत. नदी तिचीही आहे. फेब्रुवारी ते एप्रिल हा मादीचा अंडी घालायचा काळ, तेव्हा ती घरट्याच्या आसपास कुणाला खपवून घेत नाही. अंधारात आणि संधिप्रकाशात मगर जास्त फिरते, म्हणून ऊन चांगलं वर आल्याशिवाय उतरायचं नाही. पहाटेच्या धुक्याचं मी वर एवढं लिहिलं, ते काठावर बसून बघा. शांत मळीच्या कडेला, वाळूच्या बेटांजवळ जायचं नाही. कोळी बांधवांनी किंवा वनखात्यानं 'दिसली' म्हटलं की त्या भागात कुणीच उतरायचं नाही, चर्चा नाही, मतदान नाही. 'आपण एवढे जण आहोत, आवाजानं पळेल' हे मी दोनदा ऐकलंय आणि दोन्ही वेळा कपडे घालून घरी आले. त्या आठवड्यात टँकवर जा.

शहराचं सांडपाणी नदीत आणणाऱ्या शेरीनाल्याबद्दल सांगलीकराला वेगळं सांगायला नको. पाणी काळसर दिसलं, वास आला, मासे वर आलेले दिसले, की परत फिरायचं. अंगावर उघडी जखम असेल त्यानं पाण्यात जायचं नाही.

काठावर एक माणूस कोरडा राहिला पाहिजे, पाळीपाळीनं. त्याच्याजवळ लांब दोरी आणि फुगवलेली मोटारीची ट्यूब. बुडणाऱ्याकडे सरळ झेप घ्यायची नाही, कारण तो मिठी मारून वर चढायला बघतो आणि मग दोघं जातात. आधी काठी किंवा दोरी, मग ट्यूब, मग होडी, आणि काहीच नसेल तर फ्लोट पुढे ढकलत, हाताच्या अंतरावरून. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर उलटं धरणं, पोट दाबणं, गरगर फिरवणं यात सोन्यासारखी मिनिटं जातात. तोंडानं श्वास द्यायचा आणि छातीच्या मध्यावर दाब द्यायचा, ३० दाबांना २ श्वास, आणि दुसऱ्यानं तोवर १०८ ला फोन. हे वाचून येत नाही, हातानं शिकावं लागतं. एखाद्या डॉक्टरांना रविवारी घाटावर बोलवा, तासाभराचं काम आहे. शुद्धीवर असलेल्या माणसाच्याही नाकातोंडात पाणी गेलं असेल आणि खोकला किंवा धाप थांबत नसेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. बाईंना फोन कराल तेव्हा हेही विचारा.

तो होडीवाला कोण, हे शोधलंत का? पत्रात त्याच्याबद्दल एवढंच आहे की तो जाळं काढायला आला होता. त्याला भेटा. रविवारच्या दोन तासांचे रीतसर पैसे ठरवा, चौदा जणांत वाटून घेतले तर एका नाश्त्याचे होतील, आणि त्याला मधल्या पात्रात ठेवा. त्याच्याइतकं ते पाणी तुमच्यापैकी कुणाला कळत नाही.

मालवणचं थोडक्यात. चिवला किनाऱ्यावर वयोगटानुसार अंतरं असतात, पहिल्या वर्षी लहान अंतर घ्या. खाऱ्या पाण्यात अंग जास्त तरंगतं, त्यामुळे सोपं वाटतं. पण लाटेत श्वास चुकला की खारं पाणी पोटात जातं. सुरुवातीच्या गर्दीत कुणाचा तरी पाय चेहऱ्याला लागतो, गॉगल निघतो. तेव्हा न घाबरणं हे घाटावरच शिकता येतं: सहा जणांनी मुद्दाम खेटून पन्नास हात पोहायचं, हसत-खिदळत. पाच जण जाणार असाल तर त्यांच्याही जोड्या आत्तापासून लावा, एक तिघांची.

एवढ्या अटी लिहिल्या आणि त्या सगळ्या खऱ्या आहेत, तरी मला तुम्ही सगळे एकत्रच पोहायला हवे आहात. दुसऱ्याच्या मागून, त्याच्या पायांच्या फेसात पोहलं की आपल्याला पाण्याचा रेटा कमी लागतो, जोर वाचतो, हे ऑलिंपिकमधले १० किलोमीटरवालेही करतात. पण मला त्याहून आवडते ती दुसरी गोष्ट. ओळखीच्या माणसाच्या हाताची लय आपल्या हाताला लागते आणि कधीतरी चार-पाच मिनिटं दोघांचा श्वास एकाच वेळी वर येतो. मी साठीच्या जवळ आले, अशी मिनिटं मला अजून मोजून सांगता येतील. पोहून आल्यावर लागणारी ती भूक, ओल्या केसांनी घाटावर बसून भडंग खाणं, कुणाच्या तरी घरचे गरम पोहे, आणि बँकेतला साहेब आणि शाळेतल्या बाई एकाच टॉवेलवरून भांडणं. सांगलीत प्रौढ माणसांना, त्यातून बायकांना, इतकं मोकळं खेळायला दुसरी जागा कुठे आहे? टँकवर शिकून चाळिशीत नदीवर आलेल्या बाईला घरात कितीदा 'कशाला' ऐकावं लागलं असेल. त्या आल्या होत्या तुमच्यावर विसंबून. ग्रुप बंद केलात तर त्यांच्या मनात राहील की आपल्यामुळे बंद झाला.

म्हणून फोन केल्यावर 'येत्या रविवारी या' म्हणू नका. त्यांना टँकवर भेटा, तुम्ही आणि ग्रुपमधल्या दुसऱ्या एखाद्या बाई. टँकमध्ये उताणं तरंगणं, मध्यावर थांबून श्वास सोडणं, डोळे मिटून दहा हात मारणं, हे त्यांच्याबरोबर तुम्हीही करा. महिनाभरानं घाटावर, कमरेइतक्या पाण्यात. त्या नको म्हणाल्या तर ठीक आहे म्हणा आणि पुन्हा पंधरा दिवसांनी नुसती ख्यालीखुशाली विचारायला फोन करा. माझ्या मामेभावाला मी लग्नानंतरच्या उन्हाळ्यात विचारलं. तो तेव्हा गुडघ्याइतक्या पाण्यात उभा राहिला, अर्धा तास, माझा हात धरून, आणि मग म्हणाला, उद्या पुन्हा येऊ.